रक्त स्वच्छ, मग गुठळीत बुरशी कुठून आली?

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं वय ५२. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्यातून हृदयाची झडप खराब झाली. गेल्या वर्षी माइट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूची) झडप काढून धातूची बसवली. ऑपरेशननंतर जखम चिघळली, बरेच दिवस आयसीयूत होते, मानेत लाइन (शिरेत घातलेली औषधांची नळी) होती, अँटिबायोटिकं भरपूर झाली. नंतर वर्षभर ठीक होते. गेले दोन महिने रोज संध्याकाळी ताप येतो, वजन सात किलो उतरलं. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड सगळं तपासलं. तीन डॉक्टर झाले, प्रत्येकानं वेगळी अँटिबायोटिक दिली. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू उगवून पाहण्याची तपासणी) दोनदा केलं, दोन्ही वेळा ‘नो ग्रोथ’, म्हणजे काहीच उगवलं नाही. टू-डी इकोत झडप नीट आहे असं आलं. मग अचानक उजवा पाय थंड पडला, काळानिळा झाला. रात्री ऑपरेशन करून गुठळी काढली. सर्जन म्हणाले, ही गुठळी नेहमीसारखी नाही, तपासायला पाठवतो. रिपोर्टमध्ये ‘सेप्टेट फंगल हायफी’, म्हणजे बुरशीचे धागे, असं आलंय. आता टीईई (अन्ननलिकेतून केलेला इको), सीटी, कदाचित पेट स्कॅन आणि पुन्हा झडपेचं ऑपरेशन, असं चाललंय. माझे दीर म्हणतात, एवढं करण्यापेक्षा टीबीची औषधं सुरू करून बघा. आमची बिल्डिंग जुनी, पावसाळ्यात बेडरूमची भिंत गळते, काळी बुरशी धरते. त्या भिंतीतून हे झालं का? रक्त स्वच्छ आहे तर बुरशी हृदयात कशी असेल? हॉस्पिटल बदलू का?
– एक वाचक, कोपरखैरणे

ताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला थोडक्यात उत्तर कळवलं होतं. हा विषय सदराच्या रांगेत थांबवण्यासारखा नव्हता. आता सविस्तर लिहितो, कारण धातूची झडप आणि न उतरणारा ताप हे दुखणं ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच घरांत आहे. आपल्याकडे लहानपणच्या रुमॅटिक तापानं झडपा खराब झालेले लोक अजून भरपूर आहेत.

आधी त्या सर्जनबद्दल बोलतो. धातूची झडप असलेल्या माणसाच्या पायात गुठळी अडकली की पहिला प्रश्न असतो, ‘ॲसिट्रॉम चुकवली का?’ रक्त पातळ करायची गोळी चुकली, आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचं मोजमाप) घसरला, गुठळी झाली, इतकं सरळ गणित मांडलं जातं. गुठळी काढायची, पाय वाचवायचा आणि गुठळी बादलीत टाकायची, असं अनेक ठिकाणी होतं. मध्यरात्रीच्या घाईत तुमच्या सर्जनना तिचा रंग खटकला आणि त्यांनी ती बाटलीत घातली. दोन महिन्यांच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा जास्त माहिती त्या बाटलीतून आली आहे.

ती माहिती किती वजनाची आहे, ते सांगतो. झडपेच्या संसर्गाचं, म्हणजे एंडोकार्डायटिसचं निदान जगभर ड्यूक निकषांवर ठरतं. ते १९९४ मध्ये आले, २००० मध्ये सुधारले गेले आणि २०२३ मध्ये पुन्हा नव्यानं मांडले गेले. बरेच निकष बेरजेचे आहेत : ताप इतका, इकोत हे दिसलं, कल्चरमध्ये ते आलं, मग शक्यता ठरवायची. पण एक वाट बेरजेची नाही. आजाराची लक्षणं आहेत आणि झडपेच्या ऊतीत किंवा झडपेवरून सुटून धमनीत अडकलेल्या गुठळीत जंतू प्रत्यक्ष दिसले, तर निदान ‘निश्चित’ या रकान्यात जातं. तुमच्याकडे तसा कागद आहे. तेव्हा ‘फंगल असू शकतो’ असं कोणी सैलपणे म्हणत असेल, तर त्यांना पॅथॉलॉजिस्टकडे एकच प्रश्न विचारायला सांगा : बुरशीचे धागे गुठळीच्या आत, सुजेच्या पेशींमध्ये गुंतलेले आहेत की फक्त पृष्ठभागावर? आत असतील तर बाहेरून लागलेल्या बुरशीची शंका जवळजवळ मिटते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. रक्त स्वच्छ आलं म्हणजे बुरशी नाही, असं नाही. झडपेला बुरशी लागण्याचे प्रकार एकूण एंडोकार्डायटिसमध्ये अगदी थोडे, शंभरात एक-दोन. त्यातले निम्मे किंवा अधिक कॅंडिडाचे आणि उरलेल्यांत मोठा वाटा ॲस्परजिलसचा. कॅंडिडा यीस्ट, म्हणजे सुट्या गोल पेशींची बुरशी आहे, रक्तात फिरते आणि बहुतेक वेळा नेहमीच्या कल्चरच्या बाटलीत उगवते. ॲस्परजिलसचे धागे असतात. तो झडपेवर पुंजका करून बसतो आणि रक्ताच्या बाटलीत क्वचितच उगवतो. म्हणजे शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. झडपेवर मोठा पुंजका असतानाही रक्ताच्या बाटल्या पाच दिवस स्वच्छ राहू शकतात. ‘आधी अँटिबायोटिक घेतल्यामुळे कल्चर आलं नाही’ हे कारण तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेलच. जिवाणूंच्या बाबतीत ते खरं आहे. बुरशीवर मात्र अँटिबायोटिक चालतच नाही, त्यामुळे इथे ते कारण लागू पडत नाही. तुमच्या रिपोर्टमधला ‘सेप्टेट’ हा शब्द, म्हणजे आडवे पडदे असलेले धागे, ॲस्परजिलससारख्या बुरशीकडे बोट दाखवतो. २०२१ मध्ये घराघरांत पोचलेली ‘ब्लॅक फंगस’ म्हणजे म्युकर वेगळी. तिचे धागे रुंद असतात आणि त्यांना पडदे जवळजवळ नसतात. शेजारीपाजारी कोणी ते नाव काढलं तर एवढं सांगून विषय मिटवा.

पण ‘ॲस्परजिलससारखी’ म्हणजे ॲस्परजिलसच असं नव्हे. फ्युजेरियम आणि सीडोस्पोरियम या बुरश्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास तशाच दिसतात. हा भेद नुसता पुस्तकी नाही. व्होरिकोनॅझोल हे ॲस्परजिलसवरचं पहिलं औषध. अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं दुसरं औषध सीडोस्पोरियमवर बहुतेक वेळा चालत नाही आणि ॲस्परजिलस टेरियस नावाच्या भावंडावरही फारसं चालत नाही. म्हणून नाव ठरायला हवं. आणि इथेच एक गोष्ट अडते, ती तुम्ही आजच विचारून घ्या : गुठळीचा एखादा तुकडा मायक्रोबायोलॉजीला, सलाइनमध्ये, कल्चरसाठी गेला होता का, की सगळीच फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या रसायनात) बुडवली? फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या बुरशीला कल्चरमध्ये उगवता येत नाही. रात्रीच्या ऑपरेशनमध्ये सगळं फॉर्मॅलिनमध्ये जाणं अगदी नेहमीचं, त्यात कोणाला दोष देण्यासारखं नाही. तसं झालं असलं तरी वाट बंद होत नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्या गुठळीचा मेणाचा ब्लॉक जपून ठेवलेला असतो. त्याच्यावर जीएमएस आणि पीएएस हे खास बुरशीचे रंग करून घेता येतात आणि पीसीआरनं जनुकं वाचून बुरशीचं नाव शोधता येतं. ब्लॉक आणि स्लाइड मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. परळच्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत दुसरं मत मिळू शकतं. चंदीगडच्या पीजीआयमध्ये बुरशीशास्त्राचं राष्ट्रीय दर्जाचं केंद्र आहे, तिथे नमुना पाठवायचा का हे तुमचे मायक्रोबायोलॉजिस्ट ठरवतील.

कल्चर पुन्हा करायचं का? करायचं. बुरशीच्या जोडीला जिवाणूही बसलेला असू शकतो, आणि तुमच्या दोन कल्चरची पद्धत मला फारशी पटलेली नाही. सोबत पाठवलेल्या रिपोर्टवर दोन्ही वेळा एकेकच बाटली दिसते आणि रक्त घरून नेलेलं आहे. ब्लड कल्चर हे घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाचं काम नाही. मोठ्या माणसात प्रत्येक संचात दोन बाटल्या, प्रत्येकीत आठ-दहा मिली रक्त, असे तीन संच घ्यावे लागतात. त्वचा नीट साफ करून, वेगवेगळ्या शिरेतून, आणि शक्य असेल तर नवं अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते. ती जितक्या लवकर मशीनमध्ये जाईल तितकं बरं. कोपरखैरण्यात घेतलेली बाटली संध्याकाळी वाशीत किंवा ठाण्यात मशीनपर्यंत पोचली तर मधले तास वाया गेलेले असतात. रुग्णालयात दाखल असताना, तिथल्याच लॅबमध्ये करा. बुरशीचा संशय आहे हे फॉर्मवर लिहायला सांगा, म्हणजे लॅब बाटल्या जास्त दिवस ठेवायचा विचार करेल.

इथे इतर वाचकांसाठी एक वाक्य मधेच लिहितो, कारण ही चूक बघायला मिळते. कल्चरमध्ये ‘यीस्ट’ किंवा ‘कॅंडिडा’ आलं आणि कोणी ‘बाहेरून लागलं असेल, दुर्लक्ष करा’ म्हटलं, तर ऐकू नका. रक्तातली यीस्ट कधीही बाहेरची समजून सोडायची नसते. लाइन असेल तर शक्यतो ती काढायची, औषध सुरू करायचं, रक्त स्वच्छ होईपर्यंत रोज किंवा एक दिवसाआड कल्चर करायचं, डोळ्यांचा पडदा तपासायचा, आणि धातूची झडप असेल तर इको हवाच.

आता इको. टू-डी इको नॉर्मल आला म्हणून तुम्ही दोन महिने निर्धास्त होतात, ते स्वाभाविक होतं. पण छातीवरून केलेल्या इकोत धातूची झडप ध्वनिलहरी अडवते आणि तिच्या मागच्या भागावर सावली पडते. माइट्रल झडपेच्या बाबतीत ती सावली नेमकी डाव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या) बाजूला पडते आणि पुंजके बसायला तीच जागा आवडीची. टीईईत नळी अन्ननलिकेतून जाते. अन्ननलिका डाव्या कर्णिकेच्या अगदी मागे, म्हणून सावली न पडता त्या बाजूनं सरळ दिसतं. चार-सहा तास उपाशी राहावं लागतं, घशात बधिर करणारा फवारा आणि थोडी गुंगी देतात, पंधरा-वीस मिनिटांत आटपतं. हलणारा दात, कवळी, गिळताना अडकण्याचा त्रास असेल तर आधी सांगा. टीईईही नॉर्मल आला, तर पाच-सात दिवसांनी पुन्हा करावा असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तुमच्या बाबतीत तो एकदा नॉर्मल आला म्हणून मी स्वस्थ बसणार नाही, कारण गुठळी खोटं बोललेली नाही. बुरशीचे पुंजके मोठे आणि ठिसूळ असतात, ते तुटतात आणि मांडीतल्या किंवा मेंदूतल्या मोठ्या धमनीत अडकतात. पायात जो तुकडा सापडला, तो सुटल्यावर झडपेवर थोडंच उरलं असेल, असंही होऊ शकतं.

सीटी कशाला? झडपेच्या कडेला गळू झालं आहे का, शिवण सुटते आहे का, हे पाहायला. ऑपरेशन कसं करायचं ते त्यावर ठरतं. डोक्याचा स्कॅनही त्याच वेळी करून घ्यावा. मेंदूत न कळलेला तुकडा अडकलेला असेल किंवा रक्तस्राव असेल, तर शस्त्रक्रियेची वेळ बदलू शकते. पेट स्कॅन संसर्ग कुठे कुठे आहे ते दाखवतो, पण बुरशी आहे की जिवाणू ते सांगत नाही. ऑपरेशनला वर्ष उलटलं आहे, त्यामुळे ताज्या जखमेचा गोंधळ आता कमी. तो करायचा ठरला तर आदल्या दिवसाचा आहार फार काटेकोर असतो : भात, पोळी, साखर, फळं, दुधाचा चहा बंद आणि नंतर उपास. नाहीतर हृदयाचा स्नायूच उजळून निघतो आणि झडप दिसत नाही. ‘थोडा चहा घेतला तर काय होतं’ असं घरात कोणी म्हणेल, तर त्या दिवशी ऐकू नका. मात्र टीईई आणि सीटीत पुरेसं स्पष्ट दिसलं, तर पेटसाठी ऑपरेशन लांबवू नये असं माझं मत.

रक्तातून बुरशी शोधण्याच्या दोन चाचण्या आहेत : बीटा-डी-ग्लुकान आणि गॅलॅक्टोमॅनन. दोन्ही कराव्यात, पण त्यांना न्यायाधीश करू नये. डायलिसिस, अल्ब्युमिन, ऑपरेशनमधलं गॉज, काही अँटिबायोटिकं यांनी त्या खोट्या पॉझिटिव्ह येऊ शकतात. निगेटिव्ह आल्या तरी गुठळीत दिसलेले धागे पुसले जात नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून पडदाही तपासून घ्या. नजर नीट आहे म्हणून ते टाळू नका.

दिरांचा सल्ला. त्यांची काळजी कळते. आपल्याकडे संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं म्हटलं की टीबीच आठवतो, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण इथे ‘देऊन बघू’ हे धोक्याचं आहे, आणि कारण अगदी ठोस आहे. टीबीच्या औषधांत रिफॅम्पिसिन असतं. ते यकृताला इतकं कामाला लावतं की ॲसिट्रॉमचा असर घटतो, म्हणजे धातूच्या झडपेवर पुन्हा गुठळी होण्याची भीती. आणि व्होरिकोनॅझोलची रक्तातली पातळी ते जवळजवळ संपवून टाकतं. ती दोन औषधं एकत्र देतच नाहीत. टीबीची शंका असेल तर नमुन्यात टीबीची तपासणी करा. शंकेवर औषध सुरू करू नका.

उलट बाजूचीही काळजी घ्या. व्होरिकोनॅझोल सुरू झालं की ॲसिट्रॉमचा असर वाढतो, आयएनआर वर जातो आणि रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी आयएनआर, आणि साधारण पाचव्या दिवसानंतर व्होरिकोनॅझोलची रक्तातली पातळी बघून घ्या. काही लोकांना पहिल्या दिवसांत रंग विचित्र दिसतात, उन्हात त्वचा भाजते. घाबरू नका, पण सांगा. ॲसिट्रॉम स्वतःहून बंदही करू नका आणि वाढवूही नका. ऑपरेशन जवळ आलं की डॉक्टर ती थांबवून हेपरिन (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) देतील, ते त्यांच्या हातात ठेवा.

पुन्हा ऑपरेशन टाळता येईल का, असं तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण पत्रातून ते ऐकू येतं. खरं सांगतो. धातूच्या झडपेवरचा ॲस्परजिलस नुसत्या औषधानं बरा झाल्याची उदाहरणं विरळा. झडप बदलणं आणि औषधं, दोन्ही केल्यावरही हा आजार जीवघेणा आहे, आणि औषध बरेच महिने, अनेकदा आयुष्यभर चालू ठेवावं लागतं. हे वाचून तुम्ही हादराल, पण निर्णय अर्धवट माहितीवर घेऊ नये. ऑपरेशन ठरलं, तर आदल्या दिवशी सर्जनना भेटून एक गोष्ट पक्की करा : काढलेल्या झडपेचा अर्धा भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि अर्धा निर्जंतुक सलाइनमध्ये, थेट मायक्रोबायोलॉजीला, ‘बुरशीचं कल्चर आणि पीसीआर’ असं लिहून. गुठळीच्या वेळी हातातून निसटलं असेल तर बुरशीचं नाव कळण्याची सगळ्यात चांगली संधी ही.

आता भिंत. ॲस्परजिलसचे बीजाणू सगळीकडे असतात : हवेत, मातीत, कुंडीत, जुन्या कागदांवर, आणि हो, तुमच्या भिंतीवरही असतील. आपण सगळेच ते रोज श्वासातून घेतो आणि फुप्फुसं त्यांचा बंदोबस्त करतात. बदललेल्या झडपेवर ते पोचतात ते बहुधा ऑपरेशनच्या वेळी किंवा नंतरच्या लांबलेल्या आयसीयूच्या दिवसांत. आणि आजार महिन्यांनी उघडा पडतो. बेडरूमच्या ओलीतून थेट झडपेपर्यंतची वाट मला दिसत नाही. तुम्ही स्वतःला दोष देणं थांबवा. भिंत मात्र दुरुस्त करून घ्या, आणि प्लास्टर फोडायचं काम मिस्टर घरात असताना करू नका, धूळ उडते. कोणत्या ऑपरेशनमध्ये, कोणाकडून झालं, हा हिशेब आत्ता उघडू नका. त्यासाठी लागणारे कागद तसेही तुम्ही जमवणारच आहात.

हॉस्पिटल बदलावं का, याचं उत्तर नावावर नाही, चार गोष्टींवर आहे : झडपेचं पुन्हा ऑपरेशन करणारे सर्जन, संसर्गाचे तज्ज्ञ डॉक्टर, बुरशी ओळखणारी लॅब आणि मेंदू-डोळ्यांचे डॉक्टर एकाच छपराखाली आहेत का, आणि ते एकत्र बसून बोलतात का. तुमच्या आत्ताच्या ठिकाणी हे असेल तर हलू नका. नसेल तर पाय स्थिर झाला की लगेच हलवा. ॲम्ब्युलन्समध्ये मॉनिटर आणि डॉक्टर असू द्या, आणि वाशी पुलाची सकाळची गर्दी टाळा. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. ट्रस्टच्या रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी कायद्यानं राखीव खाटा असतात, समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा.

सोबत काय न्यायचं : पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, झडपेचं कार्ड ज्यावर कंपनी आणि आकार लिहिलेला असतो, दोन्ही कल्चरचे रिपोर्ट, गेल्या तीन महिन्यांचे आयएनआर, घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव आणि तारखा, इकोची सीडी. आणि तो ब्लॉक व स्लाइड, कापसात गुंडाळून डबीत, दिराच्या बॅगेत नाही, तुमच्या स्वतःच्या हातात.